वजनाआधी पट्टी निघत नाही: जूक लायब्ररी तीन हंगाम वापरल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना एकदा उभं राहून बघा. दुकानासमोर लॉट लागतात, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात, बोली होते, दर ठरतो. मग काटा, आणि वजन झालं की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद. हा क्रम कुणी भिंतीवर लिहून ठेवलेला नाही. तरी दर ठरायच्या आधी तोलणाराला कुणी हाक मारत नाही आणि वजन झाल्याशिवाय दिवाणजी पट्टीला हात लावत नाहीत. आपण आत्ता कुठल्या पायरीवर आहोत आणि इथून पुढे काय होऊ शकतं, एवढं प्रत्येकाला ठाऊक असतं. तेवढ्यावर दिवसभरात शेकडो लॉट सुटतात.

मी विश्रामबागला बसते. आमचं चार जणांचं ऑफिस आहे आणि गेली नऊ वर्षं आम्ही अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो: सौद्याची नोंद, तोल, शेतकऱ्याची पट्टी, व्यापाऱ्याकडचं येणं, खातेउतारा. हळदीची दुकानं जास्त, त्याखालोखाल बेदाण्याची. खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, वर जावा ही प्रोग्रामिंगची भाषा. डेटाबेसला प्रश्न विचारणं हेच आमच्या प्रोग्राममधलं सगळ्यात मोठं काम, आणि ते तीन हंगामांपूर्वी आम्ही जूक या लायब्ररीकडे सोपवलं. इंग्रजी स्पेलिंग जे, दोन ओ आणि क्यू, उच्चार जूक. मोफत आवृत्ती वापरतो, त्यामुळे मला कुणाचं देणंही नाही आणि कुणाकडून घेणंही नाही. जावात डेटाबेसचं काम करणाऱ्या माणसाला निर्णय घ्यायला उपयोग व्हावा, आणि स्वतःची अशी लायब्ररी रचणाऱ्याला थोडा जास्तच व्हावा, म्हणून लिहिते आहे.

लुकास एडर यांनी ही लायब्ररी सुरू केली, आणि स्वित्झर्लंडमधली त्यांची डेटा गीकरी ही कंपनी ती सांभाळते. तुमच्या डेटाबेसमधली टेबलं आणि कॉलम वाचून जूक त्यांचे जावा क्लास तयार करतं. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून न लिहिता मेथडला (जावातल्या एकेका आज्ञेला) मेथड जोडत लिहायचं. सुरुवातीचा कॉन्टेक्स्ट सोडला तर आमच्याकडची एक साधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अशी दिसते (वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत लिहिते):

सिलेक्ट(पार्टी, सम(रक्कम))
.फ्रॉम(सौदा)
.व्हेअर(तारीख.बिटवीन(१ मार्च).अँड(३१ मार्च))
.ग्रुपबाय(पार्टी)
.फेच()

ज्याला एसक्यूएल येतं त्याला हे वाचायला वेगळं शिकावं लागत नाही. अशा साखळीला फ्लुएंट इंटरफेस म्हणतात. हे नाव एरिक इव्हान्स आणि मार्टिन फाउलर यांनी दिलं आणि २००५ मध्ये फाउलर यांनी त्यावर लिहिलं, तेव्हापासून ते रुळलं. नावात ओघ आहे म्हणून पुष्कळांचा समज होतो की मेथड जोडता आल्या की काम झालं. तसं नाही. साखळी कुणालाही जोडता येते: प्रत्येक मेथडमधून तोच ऑब्जेक्ट परत केला की कशालाही काहीही जोडलं जातं. खरा प्रश्न पुढे आहे. चुकीचं वाक्य लिहायला गेलं तर ती साखळी अडवते का?

हा प्रश्न मला कसा पडला ते सांगते. जूकच्या आधी आम्ही दुसरी एक क्वेरी बिल्डर लायब्ररी वापरत होतो. तिचं नाव घेत नाही, कारण चूक निम्मी आमचीच होती. ‘या हंगामातली सगळी येणी’ अशी एक मूळ क्वेरी आम्ही एकदाच बनवून ठेवली होती आणि प्रत्येक पडद्यावर तिला पार्टीची अट जोडत होतो. व्हेअर म्हटलं की नवी क्वेरी हातात येते, असं आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात येत होती ती जुनीच, आधीची अट तशीच चिकटलेली. मार्चमधली सकाळ, यार्डात आवक जोरात, आणि एका दुकानातून दिवाणजींचा फोन आला. “ताई, पहिल्या पार्टीचं येणं बरोबर दाखवतंय. दुसरीपासनं सगळ्यांचं शून्य. एवढी वसुली झाली असती तर मला ठाऊक नसतं व्हय?”

दुसऱ्या पार्टीच्या वेळी क्वेरी विचारत होती: पार्टी अमुक असावी आणि पार्टी तमुकही असावी. असा सौदा जगात असू शकत नाही, म्हणून उत्तर रिकामं. प्रोग्राम बंद पडला नाही, लाल अक्षरात काही आलं नाही. डेटाबेसनं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. शून्य हा आकडा दिसायला इतका सरळ असतो की अनुभवी दिवाणजी नसते तर त्या दिवशी कुणीतरी ‘तुमच्याकडे काही बाकी नाही’ असं व्यापाऱ्याला सांगून मोकळं झालं असतं. चूक सापडायला आम्हाला दोन तास लागले. तोवर त्यांनी वहीवरून काम चालवलं. त्या दोन तासांची मला अजून रुखरुख आहे.

म्हणून जूक हातात घेतलं तेव्हा मी पहिल्यांदा हेच तपासलं, आणि उत्तर सरळ मिळालं नाही. अटी, कॉलम, फंक्शनं हे सगळं जूकमध्ये न बदलणारं आहे. एका अटीला अँड करून दुसरी जोडली की नवी अट मिळते, जुनी तशीच राहते. पण सिलेक्टची साखळी मात्र आतून बदलणारी आहे. ती जुन्या रचनेतून तशी राहिली आहे, आणि त्या बदलण्यावर विसंबू नका असं मॅन्युअलच सांगतं. म्हणजे एकाच लायब्ररीत दोन स्वभाव. त्यातून उलटा खड्डाही तयार होतो: ‘अट.अँड(दुसरी)’ एवढंच लिहून निकाल कुठे ठेवला नाही तर दुसरी अट हवेत जाते. माझ्या मते ही जूकमधली सगळ्यात मोठी उणीव आहे. आमच्या ऑफिसात यावर एकच नियम केला: अर्धवट सिलेक्ट कुठेही साठवून ठेवायचा नाही. साठवायची असेल तर अट साठवा, आणि साखळी दर वेळी सिलेक्टपासून फेचपर्यंत एका दमात लिहा.

आता जे मनापासून आवडलं ते. वरच्या क्वेरीतलं बिटवीन बघा. ‘तारीख.बिटवीन(१ मार्च)’ लिहून टिंब दिलं की एडिटर पुढे काय लिहिता येईल त्याची यादी दाखवतो. कुठल्याही ऑब्जेक्टला असतात त्या नेहमीच्या मेथड सोडल्या तर तिथे एकच नाव असतं: अँड. आत तारीख द्या किंवा कॉलम द्या, पण नाव तेच. कारण बिटवीनमधून अट परत येतच नाही. परत येते ‘बिटवीन-अँड-स्टेप’ नावाची एक पायरी, जिला अँडशिवाय दुसरं काही येत नाही. अर्धवट बिटवीन व्हेअरच्या हातात द्यायला गेलात तर कंपायलर, म्हणजे चालवायच्या आधी प्रोग्राम तपासणारा, अडवतो. दर ठरलाय, वजन व्हायचंय: इथून काट्याकडेच जाता येतं, पट्टीकडे नाही.

पूर्ण साखळी याच रीतीनं बांधलेली आहे. जॉइन (दोन टेबलं जोडणं) लिहिलं की ऑन किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एक लिहिल्याशिवाय व्हेअर समोर येत नाही. ग्रुपबाय लिहिलं की व्हेअर यादीतून गेलेलं असतं, हॅविंग (गटांवरची अट) उरलेलं असतं. ऑर्डरबायच्या पुढे गेलात की हॅविंगही गेलं. प्रत्येक पायरीसाठी वेगळा इंटरफेस आहे आणि अशा पायऱ्या शेकड्यानं आहेत. हे लिहिणाऱ्यानं एसक्यूएलचं व्याकरण समोर ठेवून ते जावाच्या टाइपमध्ये उतरवलंय. वापरणाऱ्याला त्यातला एकही इंटरफेस नावानं माहीत असायची गरज पडत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे नुकताच कॉलेजमधून बाहेर पडलेला एक मुलगा आला. त्याला मी पहिल्या आठवड्यात कुठलंही पुस्तक दिलं नाही. टिंब दे आणि काय येतं ते वाच, एवढंच सांगितलं. बिटवीनच्या पुढे अँडच येतंय हे बघून तो म्हणाला, “मॅडम, हे तर हात धरून नेतंय.” त्या मुलानं आठवडाभरात बेदाण्याच्या आवकेचा अहवाल लिहिला.

तयार होणाऱ्या क्लासचा फायदा एका जुन्या कॉलमनं दाखवला. आमच्या साठ्याच्या टेबलात ‘पेव क्रमांक’ असा कॉलम होता. बाहेरच्यांसाठी सांगते: पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली हळदीची कोठी. हरिपूरची पेवं प्रसिद्ध होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. दुकानदारांच्या जुन्या वह्यांवरून आम्ही टेबल बनवलं तेव्हा तो रकानाही आला, आणि पुढे त्यात कुणी शीतगृहाचं नाव लिहायचं, कुणी रॅकचा नंबर. शेवटी त्याचं नाव बदलून ‘साठ्याचं ठिकाण’ करायचं ठरलं. मजकुरातलं एसक्यूएल असतं तर मी तो शब्द सगळ्या फायलींत शोधत बसले असते, आणि कुठला तरी महिन्यातून एकदाच चालणारा अहवाल बरोबर बिलाच्या दिवशी पडला असता. जूकमध्ये कॉलमचं नाव बदललं, क्लास पुन्हा तयार केले आणि कंपाइल केलं. सतरा ठिकाणी लाल रेघ. सतराही दुरुस्त केल्या आणि संध्याकाळी सहाला ऑफिस बंद केलं.

आता क्रमाबद्दल, कारण यावर माझं मत बनायला तीन वर्षं लागली. एसक्यूएलचं मूळ सीक्वेल, आयबीएममध्ये १९७४ मध्ये मांडलेलं; ते इंग्रजी वाक्यासारखं रचलंय. आधी क्रियापद, निवड. मग काय, मग कुठून. मराठी माणूस तसं बोलत नाही. दिवाणजी म्हणतात, “सौद्याच्या वहीतनं, मार्चमधल्या, पार्टीवार बेरजा काढा.” आधी कुठून, मग कुठल्या, मग कसं गटवायचं, आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. गंमत अशी की डेटाबेस मनातल्या मनात हाच क्रम धरतो: आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुपबाय, मग हॅविंग, आणि नंतर सिलेक्ट. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये चालत नाही, ते याचमुळे. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये लिंक ही क्वेरी लिहायची स्वतःची सोय आणली तेव्हा फ्रॉम पहिल्यांदा ठेवलं, कारण कुठून हे कळल्याशिवाय एडिटर कॉलम सुचवू शकत नाही.

जूकनं मात्र सिलेक्ट पहिल्यांदा ठेवलंय, एसक्यूएलमध्ये आहे तसंच. सुरुवातीला मला हे अडाणीपणाचं वाटलं. आता वाटत नाही. टेबलांचे क्लास आधीच तयार असल्यामुळे कॉलम सुचवण्याची अडचण जूकला तशीही येत नाही. आणि मोठा मुद्दा असा: पोस्टग्रेसच्या कन्सोलवर तपासलेली क्वेरी ओळीला ओळ लावून जावात उतरवता येते, आणि उलटंही. मॅन्युअलमध्ये तर एका बाजूला एसक्यूएल आणि दुसऱ्या बाजूला जावा असंच छापलंय. नवीन क्रम शोधून काढला असता तर तो कितीही सुंदर असता तरी प्रत्येकाला एक जास्तीची भाषा शिकावी लागली असती. त्या नव्या मुलाला मी क्वेरी आधी कागदावर मराठीत लिहायला लावते, दिवाणजी बोलतात त्या क्रमानं. मग तिचं एसक्यूएल, मग साखळी. मराठीतलं वाक्य नीट झालं की पुढचं क्वचितच चुकतं.

जिथे जूक एसक्यूएलपासून निसटतं ती जागा मात्र धोक्याची आहे. हळकुंड आणि गड्डा हे हळदीचे दोन प्रकार. ‘व्हेअर(हळकुंड).ऑर(गड्डा).अँड(बाकी आहे)’ असं लिहिलं की काय होतं? एसक्यूएलमध्ये अँडचा हक्क ऑरच्या आधी. म्हणजे तिथे अर्थ होतो: हळकुंडाचे सगळे लॉट, किंवा गड्ड्याचे बाकी असलेले. जूकची साखळी डावीकडून उजवीकडे बांधत जाते, म्हणून तिथे अर्थ होतो: हळकुंड किंवा गड्डा, आणि त्यातले बाकी असलेले. तेच शब्द, तोच क्रम, वेगळं उत्तर. मॅन्युअलमध्ये हे सांगितलंय, पण घाईत मॅन्युअल कोण उघडतं? इतक्या ठिकाणी हात धरणारी लायब्ररी इथे हात सोडते, याचं मला वाईट वाटतं. ऑर वापरल्यावर साखळीतून अँड काढून टाकलं असतं, आणि दोन्ही हवे असतील तर अट वेगळी बांधून द्यायला भाग पाडलं असतं, तर ते याच लायब्ररीच्या स्वभावाला धरून झालं असतं. आम्ही ऑर साखळीत लिहीत नाही; अटीच्या आत कंसात लिहितो.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो ऐच्छिक गाळण्यांवर. अहवालाच्या पडद्यावर तारीख, पार्टी, माल, गाव, थकीत की नाही, अशा आठ जागा असतात आणि वापरणारा त्यातल्या दोनच भरतो. सगळ्यात पहिल्या प्रोग्राममध्ये मी हे मजकुराला मजकूर चिकटवून करत होते. ते एका पेढीच्या नावानं मोडलं. पाटीवर इंग्रजीत ‘सन्स’च्या आधी स्वल्पविरामासारखं चिन्ह होतं, तसंच नोंदवलं, आणि क्वेरी तिथेच तुटली. ते नुसतं तुटलं हे नशीब. त्याच फटीतून कुणी मुद्दाम काही घातलं असतं तर वहीच पुसली गेली असती. जूक किमती मजकुरात मिसळतच नाही, प्रश्नचिन्हाच्या जागी वेगळ्या पाठवतं, त्यामुळे ती फट बंद. ऐच्छिक अटींसाठी ‘नोकंडिशन’ ही रिकामी अट घ्यायची आणि भरलेल्या जागांच्या अटी तिला जोडत जायच्या. काहीच भरलं नसेल तर व्हेअर उमटतच नाही. पार्टींची यादी रिकामी असेल तर ‘इन’साठी (यादीतलं एखादं, अशी अट) जूक कधीच खरी न होणारी अट लिहितं, म्हणजे उत्तर रिकामं येतं. हेही मला योग्य वाटतं.

पण हीच रिकामी अट डिलीटला दिली तर सगळं टेबल जाईल. यासाठी जूकच्या सेटिंगमध्ये सोय आहे: व्हेअर नसलेलं डिलीट आणि अपडेट आलं तर काय करायचं ते ठरवता येतं. मूळ सेटिंगमध्ये ते फक्त लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत), तेही चूक शोधतानाच बघतात त्या डीबग पातळीवर, नोंदवून पुढे जातं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून ते अडवण्यावर ठेवलंय. तुम्ही जूक घेतलंत तर इतर काही वाचायच्या आधी हे दोन सेटिंग बदला.

या सगळ्यावर आम्ही आमचा एक छोटा थर बांधलाय, कारण पडदे बनवणाऱ्याला टेबलं माहीत असायची गरज नाही. त्याची साखळी अशी: ‘येणी().हंगाम(चालू).पार्टी(अमुक).फक्तथकीत().यादी()’. तो रचताना जूकचे गुण आणि दोष दोन्ही समोर होते. आमच्या प्रत्येक मेथडमधून नवा ऑब्जेक्ट येतो. दिवाणजींच्या त्या शून्यांनंतर याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. ‘हंगाम’ सांगितल्याशिवाय बाकी काही सुचतच नाही, कारण हंगामाशिवायचा प्रश्न आमच्या धंद्यात नसतोच. आणि शेवटचं क्रियापद वेगळं ठेवलंय: ‘यादी’, ‘मोजा’, ‘एकच’. तोवर डेटाबेसकडे काही जात नाही.

या शेवटच्या क्रियापदांवर जूकनं केलेला विचार मला फार आवडतो. ‘फेचवन’ला ओळ मिळाली नाही तर नल (काहीच नाही) देतं, एकाहून जास्त मिळाल्या तर चूक दाखवतं. ‘फेचसिंगल’ला बरोबर एकच हवी, नसली तरी चूक. ‘फेचऑप्शनल’ असेल-नसेल ते डब्यात घालून देतं. ‘फेचएनी’ला कितीही चालतात, पहिली उचलतं. पट्टी क्रमांकावरून पट्टी शोधताना ती नसणं ही गडबडच असते, तिथे फेचसिंगल. मोबाइल नंबरावरून शेतकरी शोधताना तो नवा असू शकतो, तिथे फेचऑप्शनल. कुठलं वापरलंय यावरून लिहिणाऱ्याला धंदा किती कळलाय ते समजतं. अपडेटच्या शेवटी ‘एक्झिक्यूट’ विसरलं तर मात्र साखळी नुसती उभी राहते, काहीच घडत नाही. एडिटर इशारा देऊ शकतो, पण कंपायलर अडवत नाही. वाक्यात क्रियापदच नसावं आणि तरी ते वाक्य म्हणून चालावं, तसं हे आहे.

खातेउताऱ्यातली चालू शिल्लक हे माझं आवडतं काम. प्रत्येक नोंदीपुढे तोवरची बाकी. ‘सम(रक्कम).ओव्हर().पार्टिशनबाय(पार्टी).ऑर्डरबाय(तारीख)’ एवढ्यात ती येते, आणि सलग वाचता येते. पण एकाच तारखेला दोन नोंदी असल्या तर दोन्हीपुढे सारखीच शिल्लक दिसते. हा पोस्टग्रेसचा दोष नाही, जूकचाही नाही. ऑर्डरबाय दिल्यावर एसक्यूएल आपणहून जी चौकट धरतं, ती समान तारखेच्या सगळ्या ओळी एकत्र घेते. म्हणून क्रमात नोंद क्रमांकही द्यायचा आणि पुढे ‘रोज-बिटवीन-अनबाउंडेड-प्रिसीडिंग’ (यातलं रोज म्हणजे इंग्रजीतल्या रो, ओळ, याचं अनेकवचन) आणि त्यानंतर ‘अँड-करंट-रो’ लिहायचं. नाव लांबलचक आहे. पण तिथेही पहिलं लिहिलं की दुसरं मागितलं जातं, आणि चौकट अर्धवट ठेवता येत नाही. एसक्यूएल लपवणाऱ्या लायब्ररीत ही सोयच मिळाली नसती. शिल्लक मला जावात फेरी मारून काढावी लागली असती.

मल्टिसेटबद्दल थोडक्यात. २०२१ च्या ३.१५ आवृत्तीत ते आलं. पट्टी आणि तिच्यातले सगळे लॉट एकाच क्वेरीत, एकात एक बसवून मिळतात. आधी दिवसाच्या चारशे पट्ट्या छापायला आमचा प्रोग्राम डेटाबेसकडे चारशे एक हेलपाटे घालायचा. आता एक.

तक्रारी आहेत. टाइप जुळला नाही की कंपायलर जी चूक दाखवतो ती पडदाभर लांब असते आणि त्यातून नेमका कॉलम शोधायला नवख्या माणसाला रडू येईल. चालू होताना लॉगमध्ये स्वतःचं चित्र आणि रोजची एक सूचना छापतं. सेटिंगनं बंद होते, पण ते आधी बंदच असायला हवं होतं. डीबग लॉग चालू केला तर क्वेरी आणि निकालाच्या पहिल्या काही ओळी तक्त्यासारख्या छापून येतात, हे मात्र मी दिवसातून दहा वेळा वापरते. पैशांचं म्हणाल तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट यांसारख्या मोफत डेटाबेससाठी मोफत आवृत्ती पुरते. ऑरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो, आणि जुनी जावा धरून बसायचं असेल तरीही विकतच्या आवृत्तीकडे जावं लागतं. एखाद्या साखर कारखान्याच्या जुन्या सर्व्हरवर काम करणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा.

आणि ज्याला एसक्यूएल शिकायचंच नाही त्यानं जूक घेऊ नये. जूक एसक्यूएलपासून सुटका करत नाही, ते एसक्यूएलच आहे. फक्त चुकलं तर ते यार्डातल्या फोनवर कळायच्या आधी माझ्या टेबलावर कळतं. पाच टेबलं आणि चार पडदे असलेल्या कामाला क्लास तयार करण्याचा खटाटोप जड होईल. आमच्यासारखी दीडशेच्या वर टेबलं, दर हंगामात बदलणारे अहवाल आणि पैशाचा हिशेब असेल, तर मी दुसरं काही घेणार नाही.

जुन्या लायब्ररीवरचे चौदा पडदे अजून आमच्याकडे शिल्लक आहेत. जूनमध्ये यार्ड थंडावलं की ते उतरवायला घेणार, आणि सुरुवात तोलाईच्या पडद्यापासून. त्याची पहिली क्वेरी त्या मुलानं कालच मराठीत कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवली आहे: काट्याच्या नोंदीतून, आजच्या, दर ठरलेल्या पण पट्टी न निघालेल्या, दुकानवार पोती मोज.